एकवीस दिवसांची सुई

बेंझाथीन पेनिसिलीनची कुपी अंगठ्याएवढी असते. तळाशी खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी. पाणी सोडून हलवली की दुधाळ, दाटसर पाणी तयार होतं. ते लगेच ओढावं लागतं आणि न थांबता टोचावं लागतं. हात जरा रेंगाळला की पूड सुईत बसते, सुई तुंबते आणि लेकराला दुसऱ्यांदा टोचायची पाळी येते. सुई जाड, इंजेक्शन दुखरं. दोन दिवस पोर लंगडत चालतं.

नागपूरच्या मेडिकल चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझं औषधांचं दुकान आहे. ३१ वर्षं झाली. लोक औषध परत आणतात ते नेहमीच्याच कारणांनी: डॉक्टरने गोळी बदलली, पेशंट गेला, पैशाची अडचण आली. मागच्या पावसाळ्यात एका बाईने ही कुपी परत आणली. दोन दिवसांपूर्वी माझ्याकडूनच नेलेली. रुमालाच्या गाठीतून काढून तिने काउंटरवर ठेवली. मागे बारा वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात, खांबाला टेकून उभी.

"भाऊ, हे वापस घेता का जी?"

"काहून? एक्सपायरी तर लांब आहे."

"सुई भेटली, पण टोचाले कोणी तयार नाही. चार दवाखाने फिरली. सारेच म्हणते, रिअ‍ॅक्शन झाली त जिम्मेदारी कोणाची?"

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातली ही बाई. दोन वर्षांपूर्वी मुलीचा गुडघा सुजला, मग घोटा, मग कोपर. गावात मुका मार म्हणून चोळून घेतलं. सूज आपोआप उतरली. वर्षभराने जिना चढताना मुलीला दम लागायला लागला. नागपूरला आणलं, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, तेव्हा कळलं की हृदयाच्या डाव्या बाजूचा वॉल गळतो आहे. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं: बेंझाथीन पेनिसिलीन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. वर्षाला १७ सुया, १३ वर्षं. सव्वादोनशेच्या आसपास. त्यातल्या पाचव्या की सहाव्या सुईलाच गाडं अडलं होतं.

मी पैसे परत केले नाहीत. दुकानावर पोराला बसवून दोघींना ओळखीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी, ॲलर्जी उठलीच तर द्यायची ॲड्रिनलिनची ॲम्प्युल ट्रेमध्ये काढून ठेवली, कातडीखाली थेंबभर टोचून वीस मिनिटं वाट पाहिली, मग इंजेक्शन दिलं. काही झालं नाही. पण माझ्या डोक्यात बाईचं वाक्य अडकून बसलं. सुई भेटली, टोचाले कोणी नाही.

वॉलला शुद्ध मराठीत हृदयाची झडप म्हणतात. आमच्याकडे पेशंटपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे वॉलच म्हणतात, मीही तेच म्हणतो. वॉलचा आजार औषधाने थोपवता येतो का, हा प्रश्न काउंटरवर मला महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं एक उत्तर सत्तर वर्षांपासून आपल्या हातात आहे, आणि ते आपण हातातून गळू देतो आहोत. ज्या वॉलसाठी औषध नाही त्यासाठी लोक औषध शोधत फिरतात. ज्यासाठी आहे त्याला टोचणारा मिळत नाही.

आधी औषध नाही त्याची गोष्ट सांगतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात. वय ७९. गणिताचे. चार वर्षांपूर्वी त्यांना कळलं की महाधमनीच्या तोंडाचा वॉल कडक होऊन आक्रसतो आहे. दर वर्षी इको करतात आणि आकडे वहीत लिहून ठेवतात, वॉलमधून जाणाऱ्या रक्ताच्या वेगाचा आलेखही काढला आहे. आलेख वरच चालला आहे. मास्तर मला म्हणाले, "अरे, बीपीची गोळी आहे, कोलेस्टेरॉलची आहे, शुगरची आहे. मग वॉलवर चुना चढू नये याचीच का नसावी?"

प्रश्न चोख आहे, आणि डॉक्टरांनाही तो पडलेला होता. म्हातारपणी या वॉलवर कॅल्शियम साचतं. गीझरच्या कॉइलवर क्षार धरतात तसं ते नुसतं बसत नाही. वॉलमधल्या पेशी जवळजवळ हाड घडवायला लागतात. त्याची सुरुवात रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरासारखीच दिसते, तीच जळजळ, तेच कोलेस्टेरॉल. तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिली तर वॉल वाचेल, असं कुणालाही वाटावं. स्कॉटलंडमध्ये १५५ पेशंटांवर ॲटोर्व्हास्टॅटिन वापरून पाहिलं; २००५ साली निकाल आला, काही फरक नाही. २००८ साली सीस नावाची मोठी चाचणी आली, १,८७३ पेशंट, चार वर्षांहून जास्त काळ. कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास उतरलं, वॉल मात्र आपल्या चालीने आक्रसत राहिला. २०१० साली कॅनडातून तिसरा नकार. मग कुणी म्हणालं, हाड बनतंय ना, मग हाडं ठिसूळ झालेल्या बायांना देतात ती औषधं देऊन पाहू. २०२१ साली त्याचाही निकाल: नाही. डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षं व्हिटॅमिन के-टू आणि डी दिलं. २०२२ साली तेही नाही.

ही सगळी नापास झालेली परीक्षा मी मुद्दाम तपशिलाने सांगतोय. कारण आमच्या काउंटरवर आजही लोक के-टूच्या कॅप्सूल "वॉलसाठी" म्हणून मागतात. कुणीतरी फोनवर पाठवलेला आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा तर घराघरात उकळतो. रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज आणि वॉल यात फरक आहे, एवढंसुद्धा तो पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं. हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. व्हॉट्सॲपच्या काढ्याला कोण बंदी घालणार! मास्तरांनीही तो काढा आठ महिने घेतला. वहीत त्याचीही नोंद आहे, पुढे लाल शाईत फुली.

म्हाताऱ्या वॉलचं संशोधन थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. २०१३ साली एक धागा हाती लागला: लायपोप्रोटीन-ए नावाचा चरबीचा एक कण ज्यांच्या रक्तात जन्मजात जास्त असतो, त्यांच्या वॉलवर कॅल्शियम लवकर चढतं. तो कण उतरवणारी औषधं आता तपासली जात आहेत. लागू पडली तर मास्तरांच्या नातवंडांना उपयोग होईल. आज मास्तरांकडे मार्ग एकच, वेळ आली की वॉल बदलणे. तोही आता छाती न फाडता होतो. फ्रान्सच्या रुआं शहरात ॲलन क्रिबिए यांनी २००२ साली मांडीच्या शिरेतून पहिल्यांदा नवा वॉल नेऊन बसवला. आपल्याकडे त्याचा खर्च दहा लाखांच्या वर जातो. मास्तरांची पेन्शन किती, ते मला विचारू नका.

आता दुसरा वॉल.

त्या मुलीचा वॉल वयाने खराब झालेला नाही. तो घशापासून खराब झाला. लहान मुलांना घसा धरतो, त्यातल्या काहींच्या घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. शरीर त्याच्याशी लढायला जे सैन्य उभं करतं, ते काही मुलांच्या बाबतीत गल्लत करतं. जंतूच्या अंगावरचे आणि हृदयाच्या वॉलमधले काही भाग त्याला सारखेच दिसतात, आणि ते आपल्याच वॉलवर तुटून पडतं. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक सुजतात. हाच रुमॅटिक ताप. सांध्यांना तो नुसता चाटून जातो, हृदयाला मात्र चावतो, असं जुनी पुस्तकं सांगतात. सांध्याची सूज उतरते म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि चावा आत राहतो.

एकदा असा ताप आलेल्या मुलाला पुन्हा घसा धरला की पुन्हा हल्ला होण्याची भीती फार मोठी. प्रत्येक हल्ल्यागणिक वॉल आणखी जाड, आणखी चिकटलेला, आणखी गळका. पेनिसिलीन वॉलला काहीच करत नाही. ते जंतूला पुन्हा घर करू देत नाही, आणि म्हणून पुढचा चावा बसत नाही. दर २१ दिवसांनी का? कारण ती दाट पूड मांसात बसून हळूहळू विरघळते आणि तीन आठवड्यांच्या पुढे रक्तातलं औषध विरळ होतं. त्यापुढे एकेक दिवस दार उघडत जातं.

मास्तरांच्या वॉलवरच्या पाच चाचण्यांत जे कुणालाच जमलं नाही, ते इथे जमलं आहे, आणि तेही उत्तर युगांडासारख्या गरीब मुलखात. ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांना घेतलं. या मुलांना स्वतःला काही त्रास नव्हता. शाळेत इको केला म्हणून वॉलमधली पहिली खूण दिसली होती. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी हीच कुपी, निम्म्यांना काही नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको. इंजेक्शन घेतलेल्या ३९९ मुलांपैकी ३ जणांचा वॉल बिघडत गेला; न घेतलेल्या ४०० पैकी ३३ जणांचा. वॉलचा आजार औषधाने मंदावतो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. हा निकाल २०२१ च्या नोव्हेंबरात छापून आला. आपल्या वर्तमानपत्रांत मी तो पाहिला नाही. रोबोटने केलेल्या शस्त्रक्रियेची बातमी मात्र पहिल्या पानावर पाहिली आहे.

आणि हा रोग आपल्याकडून गेला आहे असंही नाही. २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार रुमॅटिक हृदयरोगाने जगात ३,१९,४०० माणसं गेली. त्यातली १,१९,१०० भारतातली. तीनातलं एक मरण आपलं. माझ्याकडे आकडेवारी नाही, काउंटर आहे. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव इथून मेडिकल आणि सुपर या सरकारी दवाखान्यांत येणारी, कुशीला उशी घेऊन बसून झोपणारी पंचवीस-तिशीची माणसं मी ३१ वर्षं पाहतो आहे. त्यांच्या नातेवाइकांना विचारलं की दहातल्या सात वेळा उत्तर तेच. लहानपणी सांधे सुजले होते, डॉक्टरने इंजेक्शनं सांगितली होती, दोन-चार घेतली, मग सुटली.

का सुटली? लोक अडाणी आहेत, असं म्हणायची एक सवय आपल्या शहरी डॉक्टरांना आणि आम्हा दुकानदारांनाही आहे. ती आधी सोडली पाहिजे. भंडाऱ्याची ती बाई अडाणी नव्हती. चार दवाखान्यांची पायरी चढून आली होती.

पहिलं कारण भीती, आणि ती डॉक्टरांची. पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन खोटी नाही. क्वचित एखाद्याला घसा सुजून, बीपी कोसळून मिनिटांत जीव जाऊ शकतो. वस्तीतला छोटा दवाखाना, एकटा डॉक्टर, बाहेर वीस नातेवाईक. असं काही घडलं तर आधी काच फुटते, मग डॉक्टरचं डोकं. त्याने नाही म्हटलं तर मी त्याला भेकड म्हणणार नाही. पण भीतीचंही माप असावं. अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला होता. ३२,४३० इंजेक्शनं दिली गेली, तीव्र रिअ‍ॅक्शन ४ वेळा आली, मृत्यू १. उलट बाजूला, न टोचता परत पाठवलेल्या मुलांचे किती वॉल गेले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ते मरण दवाखान्याच्या दारात होत नाही ना. दहा वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरच्या खात्यावर होतं.

त्यात एक बारकावा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्यांचा वॉल फारच खराब झाला आहे, हृदयाचा पंप थकला आहे, अशांना ही दुखरी सुई सहन न होऊन चक्कर, बीपी पडणं आणि कधी मृत्यूही होऊ शकतो. ज्याला आपण रिअ‍ॅक्शन म्हणतो त्यातले काही मृत्यू ॲलर्जीचे नसून असे असावेत. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली सांगितलं की अशा रुग्णांना सुईऐवजी गोळ्यांचा विचार करावा. याचा अर्थ आमच्याकडे कुणीकुणी "बघा, अमेरिकेनेही बंद केलं" असा लावला. अमेरिकेने बंद केलेलं नाही. उलट अर्थ असा की वॉल थकायच्या आधी, पोर खेळतं-धावतं आहे तेव्हाच, सुई सुरू करा. तेव्हा ती सगळ्यात निर्धोक असते आणि सगळ्यात उपयोगीही.

गंमत पहा. हीच कुपी गरोदर बाईला सिफिलिस निघाला तर सरकारी दवाखान्यात दिली जाते, कारण त्या कार्यक्रमाच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. तिथे भीती वाटत नाही का? वाटते, पण तिथे वरून आदेश आहे, ट्रे आहे, रजिस्टर आहे. टोचणाऱ्याच्या पाठीशी कुणी उभं असलं की हात थरथरत नाही.

दुसरं कारण माल. महिन्या-महिन्याला असं होतं की दवाबाजारातून निरोप येतो, "पेनिड्युअर नाही, पुढच्या आठवड्यात बघू." पेनिड्युअर म्हणजे हीच कुपी. पुढचा आठवडा म्हणजे पंधरा दिवस. एकवीस दिवसांच्या औषधाला पंधरा दिवसांचा खाडा म्हणजे काय, ते वर सांगितलंच आहे. एका कुपीची किंमत तर्री-पोह्याच्या एका प्लेटइतकी. किंमत सरकारने बांधलेली, नफा किरकोळ, मग ती बनवण्यात मोठ्या कंपन्यांना रस कसा राहावा? ३१ वर्षांत माझ्या काउंटरवर औषध कंपन्यांचे शेकडो एमआर येऊन गेले, चकचकीत पत्रकं, पेनं, कॅलेंडरं देऊन गेले. या कुपीबद्दल बोलायला एकही आला नाही.

आणि हे ज्या देशात, तो देश एकेकाळी पेनिसिलीनसाठी कारखाना काढणारा होता. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलीन बाहेर पडायला लागलं. नंतर चीनच्या स्वस्त मालापुढे देशातलं कच्चं पेनिसिलीन बनवणं जवळजवळ बंदच पडलं. अलीकडे सरकारी प्रोत्साहनावर आंध्रात काकीनाड्याला ते पुन्हा सुरू झालं आहे. चांगली गोष्ट. पण कच्चं पेनिसिलीन देशात असणं आणि साकोलीच्या किंवा अर्जुनी-मोरगावच्या दवाखान्यात एकविसाव्या दिवशी कुपी असणं यात बरंच अंतर आहे. तुटवडा आपल्यापुरताच आहे असंही नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य सभेनेच हे औषध कित्येक वर्षं तुटवड्यात असल्याचं मान्य केलं होतं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. या मुलीचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. तिला टीबी झाला असता तर तिचं नाव टीबीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर चढलं असतं, आशाताई घरी आली असती, गोळ्या चुकल्या तर फोन आला असता. वॉलच्या पोराला कुणी शोधत येत नाही. ज्या मोठ्या दवाखान्यात इको झाला त्याला ठाऊक नाही की सुई सुटली. गावच्या आरोग्य केंद्राला ठाऊक नाही की सुई सुरू झाली होती. शाळेत तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, २०१३ पासून. त्यांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे. ते स्टेथोस्कोप लावतात, शंका आली तर पुढे पाठवतात. पुढे पाठवल्यानंतर, निदान झाल्यानंतर, पुढची तेरा वर्षं मुलगी कुणाची? याचं उत्तर कुठल्याच फॉर्मवर नाही.

क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांताने १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं याच रोगावर काम केलं. मोठी मशिनं नव्हती. प्रत्येक रुग्णाची नोंद, सुईची तारीख, चुकलेल्याला घरी जाऊन बोलावणं, शाळेत आणि घरी घशाच्या दुखण्याबद्दल सांगणं. दहा वर्षांत रोग उतरला. श्रीमंत देश होता म्हणून नव्हे. वही होती म्हणून.

आता कुणी म्हणेल, सुई चुकली तरी आपल्याकडे फुले योजना आहे की. आहे, आणि तिचे उपकार मी रोज पाहतो. वॉल बदलायचं ऑपरेशन शेतमजुराच्या पोरीला फुकट मिळतं ही लहान गोष्ट नाही. वॉलही आपलाच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने बनवलेला चित्रा वॉल डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवला गेला आणि त्याने लाखभर माणसं उभी केली. पण वॉल बदलला म्हणजे सुटलो, हा समज जे ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच थांबतात त्यांचा.

माझ्याकडे दर महिन्याला एक मुलगी ॲसिट्रोमच्या गोळ्या न्यायला येते. एकोणिसाव्या वर्षी धातूचा वॉल बसला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं, पंखा बंद असला, की ती समोर उभी असताना तिच्या छातीतली टिकटिक मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येते. रक्त पातळ ठेवायची ही गोळी जन्मभर. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर वॉलवर गुठळी आणि अर्धांगवायू. दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. तालुक्याला होत नाही, म्हणून नागपूर. नवी, तपासणी न लागणारी रक्त पातळ करायची औषधं तिला चालत नाहीत. धातूच्या वॉलवर त्यातलं एक औषध वापरून पाहिलं होतं आणि २०१२ साली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. लग्न झालं. दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूने मला विचारलं, "दादा, ही गोळी चालू ठेवाची का बंद कराची?" चालू ठेवली तर पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोका, बंद केली तर आईला. मी काय सांगणार? डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाळंतपणाबद्दल इथे लिहीत नाही.

सरकार त्या वॉलला लाखाच्या घरात पैसे मोजतं. त्याच मुलीला दहाव्या वर्षापासून सुई मिळाली असती तर आजवरच्या साऱ्या कुप्यांचा खर्च पाच-सात हजारांच्या आत बसला असता. पण योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. एकवीस दिवसांनी पाच मिनिटांसाठी येणारं पोर तिच्या चौकटीत बसत नाही. आणि उद्घाटनाच्या फीत-कात्रीसमोर वॉलचं ऑपरेशन थिएटर जसं शोभतं, तशी कुपी आणि वही शोभत नाही. दर डिसेंबरला अधिवेशन इथे भरतं. विदर्भाच्या आरोग्यावर भाषणं होतात, नवे मजले, नवी यंत्रं जाहीर होतात. एकदा तरी कुणी विचारावं की नागपूर विभागात आज किती मुलं या सुईवर आहेत. आकडा कुणाकडेच नसेल.

दुसरी शंका डॉक्टर मित्रांची असते. हा रोग आपोआप कमी होतोय. घरं सुधारली, एका खोलीत आठ माणसं झोपत नाहीत, घसा दुखला की अँटिबायोटिक मिळतं. पुढच्या वीस वर्षांत म्हाताऱ्यांचेच वॉल जास्त असतील, तिकडे लक्ष द्या. यात तथ्य आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांत आज बसलात तर हेच दिसेल. पण मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत बसून पहा, चित्र वेगळं आहे. रोग कमी होतो तेव्हा तो सगळीकडे सारखा कमी होत नाही. तो रस्ता संपतो तिथे जाऊन राहतो. आणि म्हाताऱ्यांच्या वॉलसाठी आज द्यायला औषधच नाही, मग लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं?

मला विचाराल तर मोठं काही मागायचं नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरात प्रत्येक सरकारी 'आपला दवाखाना'मध्ये आठवड्यातला एक वार या सुईचा ठरवून टाका, लसीकरणाचा असतो तसा. ट्रेमध्ये ॲड्रिनलिन, भिंतीवर काय करायचं त्याचा कागद, टोचणाऱ्या सिस्टरला एक दिवसाचं शिक्षण, आणि नियम पाळून टोचूनही काही झालं तर सरकार तिच्यामागे उभं राहील असा लेखी आदेश. कुपी जिल्ह्याने वर्षाची एकदम घेऊन ठेवावी. इको करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने, खाजगी असो की सरकारी, रुमॅटिक वॉल सापडला की जिल्ह्याला कळवावं. टीबीचं कळवतात तसंच. खरी अडचण पैशाची नाहीच. हे कुणाचंच काम नाही, हीच अडचण आहे.

संशोधनाचा पैसा कुठे जावा, याबद्दलही एक तक्रार. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे औषध आलं, आणि आजही तीच पूड, तीच जाड सुई, तेच तीन आठवडे. पोटाच्या कातडीखाली मोठा डोस सावकाश सोडून तो महिनोन्महिने पुरवता येतो का, याचे प्रयोग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाले आहेत आणि आशा वाटावी असे आहेत. वर्षाला १७ ऐवजी चार-पाच सुया झाल्या तर किती पोरं टिकतील! हे संशोधन आपल्याकडे का होऊ नये? रुग्ण तर आपल्याकडेच सगळ्यात जास्त.

ती भंडाऱ्याची बाई त्यानंतरही येत राहिली. मी तिला कालनिर्णयवर दर एकविसाव्या दिवसाला गोल करून दिला होता. तिसरा गोल नेमका मारबतीच्या दिवशी आला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरकरांना सांगायला नको. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीने त्या दिवशी इतवारीकडचे रस्ते बंद, निम्मे दवाखाने बंद, आणि पोरं ढोल बडवत ओरडत असतात, इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. मला वाटलं आज काही ती येत नाही. साडेअकराला फोन आला. गाडी बसस्टँडवर दोन तास उशिरा पोहोचली होती, आणि पुढे ऑटोवाला मिळत नव्हता.

"भाऊ, तुमचे डॉक्टर आहेत का आज?"

डॉक्टर गावाला गेले होते. मी दुसऱ्या तिघांना फोन लावले. तिसऱ्याने विचारलं, "कोणतं इंजेक्शन?" मी सांगितलं. तिकडून जरा वेळ काही आवाज आला नाही.